पोदेराचा हात

एक्स-रे खिडकीला धरून
इनासला म्हटलं, इथे एक रेघ असायला हवी होती,
उपड्या ताटलीसारखी.
ती नाही.
मागीर थंय कितें आसा, त्याने विचारलं.
आतडी, मी म्हटलं. यकृताचा एक खंड. बहुतेक प्लीहाही.
छातीत.
त्याने स्वतःच्या शर्टावरून हात फिरवला,
बटणं मोजल्यासारखा.

सावर्डे तिस्कावर खनिजाच्या ट्रकने उडवलं कांकणाला.
शेपटी काकणासारखी वळलेली म्हणून हे नाव;
उंडे, पोळे, कात्रे टोपलीत,
आणि हे एक सायकलमागे धावणारं.
बाहेरून ओरखडासुद्धा नाही.
पण तीन दिवस आडवं झालं नव्हतं,
बसून होतं, कोपरं फाकवून, मान पुढे काढून,
हवेची वाट बघत.
नळी लावली तर डावीकडे
हृदयाच्या जागी गुरगुर,
पोटाची भाषा वरच्या मजल्यावर.

कंपाउंडर नेमका केप्याला, मेव्हण्याच्या लग्नात.
श्वासाचं यंत्र नाही. काळ्या रबराची पिशवी आहे,
ती दाबायला माणूस लागतो.
पोट उघडलं की फाटीतून हवा छातीत शिरते,
मग फुप्फुसं आपणहून काही करत नाहीत.

मी त्याचे हात पाहिले.
भट्टीने भाजलेली बोटं, नखांत पीठ,
उजव्या अंगठ्याला घट्टा,
हॉर्नच्या फुग्याचा, एकतीस वर्षांचा.
पोंय-पोंय नाही हं, मी म्हटलं.
हळू. छाती वर आली की सोडायचं.

पोट आतून इतकं मोकळं
जसं बाजार उठल्यावरचं पटांगण.
फाट बरगड्यांना लागून,
चार बोटं जातील एवढी.
आतड्याचं एक वेटोळं आलं, मग दुसरं;
प्लीहा आली, फुगून जांभळी;
यकृत येईना.
ओढायचं नसतं. फाट थोडी वाढवायची असते.
पुस्तकात हे एका ओळीत आहे.

दाब.
सोड.
दाब.
आणि त्या भोकातून, बरगड्यांच्या अंधारातून
गुलाबी फुप्फुस माझ्या बोटांना येऊन टेकलं
नि मागे गेलं.
इनासला हे दिसलं नाही.
हिरव्या कापडापलीकडे तो, ओठांत आकडे मोजत,
बाराला थांबून परत एकापासून.
डझनाची सवय.

सगळ्यात खोल टाका पहिला,
जिथे नजर पोचत नाही, बोट पोचतं.
मग वर वर येत, उसवलेली कड
बरगडीला धरून.
शेवटच्या गाठीआधी म्हटलं, आता जरा भरून धर.
फुप्फुस भरलं, आतली हवा फुसफुसत बाहेर पडली,
गाठ मारली.
राहिलेली सिरिंजने, थोडी थोडी.
चेपलेलं फुप्फुस घाईने उघडलं
तर पाण्याने भरतं.

थांब आता. दाबू नको.
थांबूं?
थांब.
पिशवी त्याच्या मुठीत. ट्यूबलाइटवर पाल.
रस्त्याने एक रिकामा ट्रक खडखडत गेला.
मी सेकंद मोजत होते, एकोणीसला सोडून दिलं.

मग पिशवी हलली,
कांकणाच्या बाजूने.
इनास दचकला, मुठीत चिमणी फडफडावी तसा.
हें हांवें करूंक ना, तो म्हणाला.
दोनदा म्हणाला,
जणू मी त्याच्यावर आळ घेत होते.

सहाव्या दिवशी पहाटे
दवाखान्यावरून जाताना त्याने हॉर्न वाजवला नाही.
टाके ओले, कुत्रं उठून धावेल,
म्हणून फुगा मुठीत नुसता धरून
वळणापर्यंत गेला.
आळीतल्या दोन बायका पावाला मुकल्या,
नंतर मलाच बोलल्या.

पिंजऱ्यात कांकण आधीच उभं होतं.
चेनचा आवाज ओळखतं ते.